केक मिक्सच्या खोक्यातून व्हेगन कुकीज: पहिल्यांदाच ओव्हन लावणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या कुठल्याही ग्रोसरी स्टोअरमध्ये बेकिंगच्या सामानाजवळ केक मिक्सची खोकी ओळीनं मांडलेली असतात. डंकन हाइन्स, बेटी क्रॉकर, पिल्सबरी, आणि खालच्या फळीवर दुकानाचा स्वतःचा स्वस्त ब्रँड. मैदा, साखर, फुगवणारी पावडर, मीठ, इसेन्स सगळं आत मोजूनमापून घातलेलं. खोक्याच्या मागे केकची कृती छापलेली असते, तीत बहुतेक वेळा तीन अंडी, तेल आणि साधारण कपभर पाणी घालायला सांगतात. ते कपभर पाणी वगळलं आणि अंड्यांच्या जागी भिजवलेली जवसाची पूड वापरली, की त्याच खोक्यातून चोवीसेक कुकीज निघतात. बीटर नको, मिक्सर नको, वजनकाटा नसला तरी अडत नाही.

हे मुख्यतः इकडे शिकायला किंवा नोकरीला नव्यानं आलेल्यांसाठी लिहितोय. अपार्टमेंटबरोबर ओव्हन आयता मिळालेला असतो, आपल्या घरी कधी लावलेला नसतो. घरात कोणी अंडं खात नाही, किंवा लॅबमधली मैत्रीण व्हेगन आहे आणि पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, काहीतरी न्यायचंय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आपल्याकडची माणसं इथे हमखास गफलत करतात: एगलेस म्हणजे व्हेगन नव्हे. व्हेगनला प्राण्यांपासून आलेलं काहीच नको असतं: दूध, दही, लोणी, साजूक तूप, मध यातलं काहीच चालत नाही. एगलेस केकसाठी आपण जो कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडतो, तोही नाही.

नवखे लोक सगळी काळजी अंड्याची करतात. कुकीमध्ये अंड्याचं काम खरं तर थोडंच असतं. केक उंच फुगतो आणि तो फुगवटा धरून ठेवायला अंड्यातलं प्रथिन उपयोगी पडतं. कुकी चपटीच राहणार, तिला धरून ठेवायचं असं फारसं काही नसतं. कुकीजला लागणाऱ्या दोन अंड्यांत मिळून साधारण पाच टेबलस्पून पाणी असतं. तेवढा ओलावा, थोडा चिकटपणा असलेल्या कशाच्याही रूपात परत दिला की भागतं. व्हेगनपणा जातो तो स्वयंपाकघरात नव्हे, दुकानात खोकं उचलताना. म्हणून आधी तिकडेच थांबू.

खोकं निवडताना

कोरड्या मिक्समध्ये सहसा अंडं नसतं. हे नेहमीच असं नव्हतं. १९३०च्या दशकात पिट्सबर्गच्या डफ अँड सन्स या कंपनीनं जिंजरब्रेडचं जे मिक्स काढलं, त्यात सुक्या अंड्यांची पूडही होती, बाईनं फक्त पाणी घालायचं. त्याच कंपनीनं पुढे त्याच दशकात अंड्याची पूड काढून टाकली आणि ताजी अंडी घरून घालायची सोय केली. १९५०च्या दशकात कोणा मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून, गृहिणींना स्वयंपाक केल्यासारखं वाटावं म्हणून अंडं बाहेर काढलं, ही इथे फार आवडीनं सांगितली जाणारी गोष्ट आहे. पण तारखा तिच्या विरोधात जातात. कारण काहीही असो, फायदा आपला झाला. अपवाद एकच लक्षात ठेवा: एंजल फूड केकचं मिक्स. त्याचा सगळा डोलारा अंड्याच्या पांढऱ्यावर असतो आणि ते पांढरं सुकवून आत घातलेलंच असतं. ते खोकं घेऊ नका.

दूध जास्त दगा देतं. व्हे, नॉनफॅट मिल्क, बटरमिल्क पावडर अशा नावांनी ते आत शिरतं. सुदैवानं इथला अॅलर्जनचा, म्हणजे अॅलर्जी आणणारे पदार्थ लेबलवर लिहायचा, कायदा कडक आहे. २००४ साली झाला, १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. दूध किंवा अंडं घातलेलं असेल तर ते घटकांच्या यादीत सरळ ‘मिल्क’, ‘एग’ अशा साध्या शब्दांत किंवा यादीखालच्या ‘कंटेन्स’च्या ओळीत लिहावंच लागतं. तेव्हा ती शेवटची ठळक ओळ आधी वाचा. तिथे फक्त गहू असेल, किंवा गहू आणि सोया, तर खोकं टोपलीत टाका. त्याच्याखाली ‘मे कंटेन मिल्क’ असं असेल तर त्याचा अर्थ वेगळा. त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थही बनतात, अंश येऊ शकतो, एवढंच ते सांगतात, आणि ते लिहिणं ऐच्छिक आहे. बहुतेक व्हेगन लोकांना ते चालतं. दुधाची अॅलर्जी असलेल्या माणसाला मात्र चालत नाही. ज्याच्यासाठी करताय तो यातला कोण, हे विचारून घ्या.

चॉकलेट (इथे ‘डेव्हिल्स फूड’ नावानं मिळतं), लेमन, स्पाइस, स्ट्रॉबेरी, यलो या चवींत बिनदुधाची खोकी बऱ्याचदा सापडतात. पण कुठल्याही नावावर विसंबून राहू नका. कंपन्या कृती बदलतात, आणि मागच्या दिवाळीला चाललेलं खोकं यंदा चालेलच असं नाही. यलो मिक्सच्या नावापुढे ‘बटर’ असेल तर जास्त बारकाईनं बघा.

काटेकोर व्हेगन लोकांचे आणखी दोन मुद्दे असतात. मोनो आणि डायग्लिसराइड हे मिश्रण एकजीव ठेवणारे घटक वनस्पतीपासूनही येतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, आणि खोक्यावर ते सांगितलेलं नसतं. शिवाय इथली उसाची काही साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात. बीटची साखर तशी करत नाहीत, ऑरगॅनिक साखरही नाही. स्वस्त खोक्यातली साखर कुठली, ते आपल्याला कळायला मार्ग नाही. माझ्या मते ऑफिसच्या पॉटलकसाठी एवढं खोलात जायचं कारण नाही. पण समोरचा माणूस या बाबतीत काटेकोर असेल तर व्हेगन असा शिक्का असलेलंच मिक्स घ्यावं. ते महाग पडतं.

आता वजन. इंटरनेटवरच्या आणि आजीच्या वहीतल्या जुन्या कृती १८.२५ औंसाच्या, म्हणजे ५१७ ग्रॅमच्या खोक्यासाठी आहेत. आजचं नेहमीचं खोकं १५.२५ औंस, म्हणजे ४३२ ग्रॅम, आणि बेटी क्रॉकरची काही खोकी त्याहून लहान, १३.२५ औंस, म्हणजे ३७५ ग्रॅम. खोक्याचा आकार पाहून फरक कळत नाही. जुन्या प्रमाणात तेल ओतलं की कुकीज पसरून तव्यावरच्या धिरड्याएवढ्या होतात. खाली दिलेलं प्रमाण ४३२ ग्रॅमचं आहे.

सामान

केक मिक्सचं एक खोकं, ४३२ ग्रॅम. तेल अर्धा कप, म्हणजे १२० मिली. जवसाची बारीक पूड २ टेबलस्पून आणि ती भिजवायला ५ टेबलस्पून पाणी. मीठ पाव टीस्पून. वरून घालायला चॉकलेट चिप्स किंवा सुकामेवा पाऊण कप.

कप म्हणजे इथला २४० मिलीचा मापाचा कप, चहाचा नव्हे. टेबलस्पून १५ मिलीचा. डॉलर स्टोअरमध्ये मापाच्या चमच्यांचा जुडगा स्वस्तात मिळतो, तो घ्याच. पोह्याच्या चमच्यानं इथे जमत नाही.

तेल बिनवासाचं हवं: कॅनोला, सूर्यफूल, व्हेजिटेबल ऑइल. घाण्याचं शेंगदाणा तेल किंवा मोहरीचं तेल नको. मीठ मी मुद्दाम वरून घालायला सांगतोय, कारण ही मिक्सेस आपल्या जिभेला फार गोड लागतात. चिमूटभर मीठानं ती गोडी ताळ्यावर येते, चॉकलेटमध्ये तर विशेष.

जवस इंडियन स्टोअरमध्ये मिळतात, अमेरिकन दुकानात ‘फ्लॅक्स मील’ नावानं तयार पूड मिळते. अख्खे जवस उपयोगाचे नाहीत, पूडच लागते. घरी दळणार असाल तर जवसाची किंवा लसणाची चटणी ज्या भांड्यात करता ते भांडं आधी नीट धुऊन, उन्हात किंवा पंख्याखाली कोरडं करून घ्या. रबरी रिंगमध्ये लसूण बसलेला असतो आणि लेमन कुकीत तो पहिल्या घासालाच ओळखू येतो.

चॉकलेट चिप्स घेतानाही तीच ‘कंटेन्स’ची ओळ. ‘सेमीस्वीट’ लिहिलेल्या चिप्समध्येही कधी कधी दुधाचं फॅट असतं. एन्जॉय लाइफच्या चिप्स बिनदुधाच्या असतात. रंगीत स्प्रिंकल्सवरची चकाकी पुष्कळदा शेलॅकची, म्हणजे किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेची असते, आणि मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडाकातड्याचं जिलेटिन असतं. हे दोन्ही वगळा.

ओव्हन

सगळ्यात आधी दार उघडून आत बघा. देशी रूममेट्सच्या घरात ओव्हन हे कढया, तवा आणि कुकर ठेवायचं कपाट असतं. ओव्हन सुरू झाल्यावर कढईचा प्लॅस्टिकचा दांडा वितळल्याचा वास येऊ लागतो, मग स्मोक अलार्म, मग कॉरिडॉरमध्ये शेजारी. सगळं बाहेर काढा, जाळी मधल्या खोबणीत सरकवा.

तापमान ३५० फॅरनहाइट, म्हणजे जवळपास १७५ सेल्सियस. ‘बेक’चं बटण, ‘ब्रॉइल’चं नव्हे. ब्रॉइलला फक्त वरची कांब लाल होते आणि कुकी वरून करपून आतून कच्ची राहते. तापमान गाठलं की ओव्हन पीं वाजतो, तरी आणखी सात-आठ मिनिटं थांबा. हवा तापलेली असते, भिंती अजून तापायच्या असतात. दार उघडताच ती हवा निघून जाते, आणि भिंती गार असतील तर पहिला घाणा फसतो.

ट्रेवर पार्चमेंट पेपर घाला. दुकानात त्याच्याच शेजारी वॅक्स पेपर असतो, तो मेणाचा. तो ओव्हनमध्ये घालायचा नाही, धूर करतो.

कृती

१. जवसाची पूड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. चमचा उचलला की बुळबुळीत तार यायला हवी. तार आली नाही तर पूड जाडी आहे किंवा जुनी आहे. तीच वापरा, फक्त आणखी पाच मिनिटं द्या.

२. मोठ्या पातेल्यात मिक्स ओता, मीठ घाला, गुठळ्या चमच्यानं मोडा. चाळायची गरज नाही.

३. तेल आणि भिजलेले जवस घालून लाकडी चमच्यानं ढवळा. पहिलं मिनिटभर हे कोरडंच राहणार असं वाटतं, कडेला पांढरी पूड दिसते. इथे हात पाण्याच्या नळाकडे जातो. जाऊ देऊ नका. ढवळत राहा, हवं तर चमचा टाकून हातानं कालवा. साखर ओलावा धरू लागते आणि दोनेक मिनिटांत सगळं एकत्र येतं. बेसनाच्या लाडवाचं मिश्रण वळण्याजोगं होतं तितपत घट्ट, तेलकट, चकचकीत गोळा झाला पाहिजे. चिप्स आता घाला.

४. पातेलं झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. ही पायरी गाळता येते, पण गाळली तर कुकीज जास्त पसरतात. उन्हाळ्यात गाळू नका.

५. दीड टेबलस्पूनचे गोळे वळा, मधे दोन इंच जागा सोडा. एका ट्रेवर बारापेक्षा जास्त नको. बोटानं किंचित दाबा, फार चपटे करू नका.

६. ट्रे मधल्या जाळीवर ठेवून नऊ ते अकरा मिनिटं. दोन ट्रे एकाच वेळी घालायचा मोह टाळा, खालच्या ट्रेची तळं करपतात. ट्रे काळपट असेल तर नऊ मिनिटांनाच बघा.

सातव्या-आठव्या मिनिटाला काचेतून पाहिलंत तर गोळे पसरून टम्म फुगलेले आणि वर ओले चकचकीत दिसतात. मग ती चकाकी कडेकडून विझत मधे जाते आणि पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. मधे रुपयाएवढा भाग अजून ओलसर असतो, कड मात्र बोट लावलं तर दबत नाही. हीच वेळ. यलो मिक्सला कडेला फिकट सोनेरी रंगही दिसतो, चॉकलेटला रंगावरून काहीच कळत नाही, तिथे चकाकी आणि भेगाच बघायच्या. नवख्या माणसाला या घडीला कुकी कच्चीच वाटते, आणि तो आणखी चार मिनिटं ठेवतो. मग ती बिस्किटासारखी कडक होते.

७. ट्रे बाहेर काढून पाच मिनिटं हात लावू नका. गरम ट्रेवर त्या आतून शिजत राहतात आणि फुगवटा खाली बसतो. लगेच उचलल्या तर मधून मोडतात. मग जाळीवर, जाळी नसेल तर पेपर टॉवेलवर गार करा. दुसरा घाणा गरम ट्रेवर लावू नका, गोळे ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळू लागतात.

एक अपेक्षा आधीच नीट ठेवा. या कुकीज मऊ, जराशा केकसारख्या होतात. कडा कुरकुरीत आणि मधे चिवट अशी बेकरीतली चॉकलेट चिप कुकी यातून निघत नाही. मिक्समधला मैदा केकसाठीचा, कमी प्रथिनांचा असतो, आणि फुगवणारी पावडर केकच्या हिशेबानं घातलेली असते. त्यातल्या त्यात चिवटपणा हवा असेल तर दोन टेबलस्पून तेल कमी करून तेवढंच पीनट बटर घाला आणि कुकीज एक मिनिट आधी काढा.

जवस नसतील तर

लेमन आणि व्हाइट मिक्समध्ये जवसाचे तपकिरी ठिपके दिसतात. ते नको असतील तर बिनसाखरेचं सोया दूध पाव कप घ्या, तेल तेवढंच ठेवा. माझी पहिली पसंती यालाच आहे, चवीत काही कळत नाही. अॅपलसॉस (शिजवलेल्या सफरचंदाचा गर) वापरायचा असेल तर तो आणि तेल दोन्ही एक-तृतीयांश कप, कुकी अधिक केकसारखी होईल. काबुली चण्याच्या कॅनमधलं पाणी, पाच टेबलस्पून, हेही चालतं. कॅनवर मीठ घातल्याचं लिहिलेलं असेल तर वरचं मीठ वगळा. पिकलेलं केळं बांधतं छान, पण मग प्रत्येक कुकी केळ्याचीच लागते. आणि सोड्याचा, म्हणजे कोल्डड्रिंकचा, एक कॅन मिक्समध्ये ओतायची जी युक्ती सगळीकडे फिरते ती केकसाठी आहे. ३५५ मिली पाण्यात कुकी होत नाही, पातळ पीठ होतं.

लहान, ३७५ ग्रॅमच्या खोक्याला तेल ७ टेबलस्पून आणि जवसासाठी पाणी साडेचार टेबलस्पून पुरतं.

चवीचे खेळ

यलो मिक्समध्ये वेलची पूड पाऊण टीस्पून, जायफळ चिमूटभर आणि भरडलेले पिस्ते. नानकटाईच्या वासाची ओळख पटते, पोत मात्र वेगळा असतो. लेमनमध्ये दोन चमचे खसखस आणि एका लिंबाची किसलेली साल. चॉकलेटमध्ये एक चमचा इन्स्टंट कॉफीची पूड कोरडीच मिसळा, कॉफीची चव येत नाही, चॉकलेट गडद होतं.

भेगाळलेल्या, पांढऱ्या कवचाच्या चॉकलेट कुकीज हव्या असतील तर गोळे आधी साध्या साखरेत आणि मग पिठीसाखरेत घोळवा. थेट पिठीसाखरेत घोळवले तर ती ओलावा शोषून ओव्हनमध्ये नाहीशी होते. साध्या साखरेचा थर मधे असला की पांढरी राहते.

बिघडलं तर

पसरून एकमेकींना चिकटल्या: पीठ गार नव्हतं, ओव्हन पुरता तापला नव्हता किंवा तेल जास्त पडलं. उरलेल्या पिठात दोन टेबलस्पून मैदा घालून फ्रिजमध्ये ठेवा. गोळे तसेच उभे राहिले, पसरलेच नाहीत: पुढच्या घाण्याचे गोळे पेल्याच्या बुडानं दाबून चपटे करा. तळाला करपल्या आणि वर फिक्या: जाळी खाली लागली आहे.

अंडं नाही म्हणून कच्चं पीठ चाटून पाहायला हरकत नाही, असं बरेच जण समजतात. हरकत आहे. मैदा कच्चा असतो, त्यावर जंतू मारायची प्रक्रिया सहसा झालेली नसते. २०२१ साली इथे केक मिक्सशी जोडलेली ई. कोलायची साथ आली होती, १२ राज्यांत १६ जण आजारी पडले, आणि त्यातल्या अनेकांनी कच्चं पीठ खाल्लं होतं. हात, पातेलं, ओटा साबणानं धुवा.

गार झाल्यावर हवाबंद डब्यात चार-पाच दिवस चांगल्या राहतात, थरांमध्ये कागद घाला. वळलेले गोळे ट्रेवर गोठवून झिपलॉकच्या पिशवीत दोन महिने टिकतात. तसेच गोठलेले ओव्हनमध्ये घाला, दोन मिनिटं जास्त द्या. पॉटलकला नेताना डब्यावर चिठ्ठी लावा: व्हेगन, पण गहू आहे, आणि शेंगदाणे, पिस्ते किंवा सोया घातलं असेल तर तेही. खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये ठेवलात तर कोणी विचारलंच तर दाखवता येतो.

पुण्या-मुंबईत करायच्या असतील तर

तिथे ‘एगलेस’ केक मिक्स सहज मिळतं, पण हिरवा ठिपका पाहून ते व्हेगन समजू नका. हिरव्या ठिपक्यात दूध बसतं, आणि या पाकिटांत दुधाची पूड असू शकते. घटकांत ‘मिल्क सॉलिड्स’ शोधा. व्हेगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, नियम २०२२ साली आले, त्यांचा वेगळा हिरवा ‘व्ही’चा शिक्का आहे. पाकिटांची वजनं वेगवेगळी असतात, तेव्हा हिशेब असा धरा: दर १०० ग्रॅम मिक्सला तेल २८ मिली, जवसाची पूड दीड टीस्पून, पाणी १७ मिली. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, ओट्यावरचा छोटा ओव्हन) १७५ सेल्सियसला, दोन्ही कांबी लावून पंधरा मिनिटं तापवा. लहान ओटीजीत वरची कांब जवळ असते, म्हणून ट्रे एक खोबण खाली लावा आणि आठव्या मिनिटापासून काचेतून बघत राहा.